मल्टिप्लायर लॉक असलेला प्रोसेसर ओव्हरक्लॉक कसा करावा : क्यू६६०० हाताशी घेऊन

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. मदरबोर्डवरील क्लॉक जनरेटर एक मूळ वारंवारता पुरवतो आणि प्रोसेसर तिला आपल्या मल्टिप्लायरने गुणून स्वतःचा वेग मिळवतो. इंटेलच्या नावाअखेर ‘के’ असलेल्या प्रोसेसरांमध्ये हा मल्टिप्लायर वाढवता येतो, त्यामुळे तेथे ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जलद चालवण्यासाठी, बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधील) एक आकडा बदलणे एवढेच काम सुरुवातीला असते. मल्टिप्लायर लॉक असलेल्या प्रोसेसरात तो आकडा वर नेता येत नाही आणि मूळ वारंवारता वाढवण्याचाच मार्ग उरतो. अडचण अशी, की ही वारंवारता एकट्या प्रोसेसरची नसते. मेमरी, चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी मदरबोर्डवरील चिप) आणि काही मदरबोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस व हार्डडिस्कचा कंट्रोलरसुद्धा तिच्याशी बांधलेले असतात. म्हणूनच अशा प्रोसेसरवर वेग वाढवण्याचे काम लहान आणि बाकीचे सगळे भाग जागच्या जागी रोखून धरण्याचे काम मोठे असते. नवशिक्यांची बहुतेक अपयशे या दुसऱ्या कामाकडे दुर्लक्ष झाल्याने येतात, आणि दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो.

हे शिकण्यासाठी मी इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६०० हा प्रोसेसर निवडतो. तो जानेवारी २००७ मध्ये बाजारात आला, त्याचा मल्टिप्लायर ९ वर लॉक आहे आणि बसची (प्रोसेसरला चिपसेटशी जोडणाऱ्या वाटेची) वारंवारता, म्हणजेच वर सांगितलेली मूळ वारंवारता, २६६ मेगाहर्ट्झ असल्याने त्याचा वेग २.४ गिगाहर्ट्झ भरतो. जुन्या संगणकांत तो अजूनही सापडतो, बिघडला तरी मोठे नुकसान होत नाही, आणि त्याच्या काळातील चांगल्या मदरबोर्डांवर प्रत्येक वारंवारता वेगवेगळी हाताळता येते. आजच्या महाग प्रोसेसरवर पहिला प्रयोग करण्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या जुन्या सामानावर हात बसवणे केव्हाही शहाणपणाचे. त्या प्रोसेसरावर आजचे जड काम होणार नाही हे मात्र आधीच मान्य करावे. विंडोज ११ त्याच्यासाठी नाही, विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे अशा यंत्रावर लिनक्स टाकणे उत्तम.

लॉक कशासाठी आले हेही थोडक्यात सांगायला हवे. १९९०च्या दशकात काही व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवरील अक्षरे पुसून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापत आणि चढ्या भावाने विकत. दशकाच्या अखेरीस इंटेलने मल्टिप्लायर लॉक करण्यास सुरुवात केली त्यामागे हे एक कारण होते. परंतु बस मोकळीच राहिली. १९९८ मध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ४.५ च्या मल्टिप्लायरने ३०० मेगाहर्ट्झ चालत असे. लोकांनी बस १०० वर नेली, मल्टिप्लायर तोच राहिला आणि वेग थेट ४५० झाला. आपण क्यू६६०० वर जे करणार आहोत त्याचे तत्त्व हेच आहे.

आधी यंत्र ओळखून घ्यावे

सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम उघडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : प्रोसेसरचे स्टेपिंग (त्याच मॉडेलची कितवी सुधारित आवृत्ती), मदरबोर्डचा चिपसेट आणि मेमरीचा प्रकार. क्यू६६०० दोन स्टेपिंगमध्ये मिळतो. आधीचा बी३, ज्याच्या झाकणावर एसएल९यूएम असे छापलेले असते, आणि नंतरचा जी०, ज्यावर एसएलएसीआर हा संकेत असतो. इंटेलच्या मोजमापानुसार बी३ ची उष्णता १०५ वॅट आणि जी० ची ९५ वॅट आहे. ओव्हरक्लॉकिंगसाठी जी० घ्यावा. बी३ असेल तर अपेक्षा कमी ठेवाव्यात.

मदरबोर्डाबाबत अधिक काटेकोर असायला हवे. क्यू६६०० हा एकसंध चार गाभ्यांचा प्रोसेसर नाही. एकाच पॅकेजमध्ये दोन गाभ्यांचे दोन स्वतंत्र तुकडे बसवलेले आहेत आणि ते एकमेकांशीसुद्धा याच बसमार्फत, म्हणजे फ्रंट साइड बसमार्फतच, बोलतात. त्यामुळे बसवर पडणारा भार दोन गाभ्यांच्या प्रोसेसरपेक्षा जास्त असतो आणि ज्या मदरबोर्डवर ई४३०० सारखा दोन गाभ्यांचा प्रोसेसर सहज वर जातो, त्याच मदरबोर्डवर क्वाड अडखळतो. पी३५ किंवा पी४५ चिपसेटचा, प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर हीटसिंक असलेला मदरबोर्ड या कामाला योग्य. स्वस्त जी३१ मदरबोर्डावर तीन फेजचा (तीनच वीजशाखांचा) उघडा रेग्युलेटर असेल तर चार गाभे ओव्हरक्लॉक करण्याचा विचार सोडून द्यावा. तेथे प्रोसेसरआधी मदरबोर्ड जळेल. सॉकेटजवळच्या कपॅसिटरांची टोके फुगलेली दिसत असतील तर तो मदरबोर्ड मूळ वेगालाही विश्वासाचा नाही.

त्यानंतरची तयारी कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाही. हार्डडिस्कवरील महत्त्वाची माहिती दुसरीकडे उतरवून ठेवावी, कारण अस्थिर मेमरी फाइल गुपचूप बिघडवते आणि ते महिन्याभराने कळते. प्रोसेसरसोबत आलेला कूलर या कामाला अपुरा पडतो, म्हणून उंच हीटपाइपचा कूलर बसवावा. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. ७७५ सॉकेटच्या कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एखादी अर्धवट बसलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा मदरबोर्डाच्या मागील बाजूने चारही तपासाव्यात. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) नामांकित कंपनीचा असावा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर हा प्रयोग करू नये.

आता मूळ वेगावरच परीक्षा घ्यावी. मेमटेस्ट८६+ ने मेमरीच्या दोन-तीन पूर्ण फेऱ्या आणि प्राइम९५ ची ‘स्मॉल एफएफटी’ ही मुख्यतः प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी एक तास चालवावी, आणि कोअर टेम्पमध्ये तापमान पाहावे. लिनक्सवर प्राइम९५ चेच रूप एमप्राइम या नावाने मिळते आणि तापमान एलएम-सेन्सर्स दाखवतो. मूळ वेगालाच चूक येत असेल किंवा गाभे ७० अंशांच्या वर जात असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

बायोसमध्ये बाकीचे भाग रोखून धरणे

बायोसमधील पर्यायांची नावे कंपनीगणिक बदलतात. गिगाबाइटच्या मदरबोर्डांवर हे सगळे एम.आय.टी. या पानावर असते आणि काही जुन्या मदरबोर्डांवर मुख्य पानावर कंट्रोल व एफ१ दाबल्याशिवाय ते पूर्ण दिसतच नाही. आसुसच्या मदरबोर्डांवर ‘एआय ओव्हरक्लॉक ट्यूनर’ हा पर्याय ‘मॅन्युअल’ केला की खालचे आकडे खुले होतात.

पहिला आकडा पीसीआय एक्सप्रेसचा. तो ‘ऑटो’ वर असेल तर काही मदरबोर्ड बस वाढताच तोही वाढवतात, आणि त्यातून ग्राफिक्स कार्डाचे व हार्डडिस्कचे प्रश्न सुरू होतात. तो स्वतःच्या हाताने १०० मेगाहर्ट्झ लिहावा. पीसीआयचा वेगळा पर्याय असेल तर तो ३३.३३ वर बांधावा. स्प्रेड स्पेक्ट्रम बंद करावे. वेग आपोआप कमी करणारे ईआयएसटी आणि सी१ई हे दोन पर्याय चाचणीपुरते बंद ठेवावेत, म्हणजे सीपीयू-झेडमध्ये दिसणारा वेग स्थिर राहील. प्रोसेसरचे तापमान-संरक्षण, ज्याला थर्मल मॉनिटर म्हणतात, ते मात्र कधीही बंद करू नये.

दुसरा, आणि सर्वांत जास्त फसवणारा आकडा मेमरीचा. समजा यंत्रात डीडीआर२-८०० मेमरी आहे. २६६ च्या बसवर तिला ४०० मेगाहर्ट्झ देण्यासाठी मदरबोर्ड बस आणि मेमरी यांचे २:३ हे गुणोत्तर वापरतो. नवशिका माणूस हे गुणोत्तर तसेच ठेवून बस ३३३ वर नेतो. आता मेमरी ५०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे डीडीआर२-१००० च्या वेगावर धावू लागते, संगणक सुरूच होत नाही, आणि ‘माझा क्यू६६०० ओव्हरक्लॉक होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक प्रोसेसरची परीक्षा झालेलीच नसते. म्हणून सुरुवातीला गुणोत्तर १:१ करावे. गिगाबाइटच्या बायोसमध्ये हे मेमरी मल्टिप्लायर २.० या रूपात दिसते. २६६ वर मेमरी डीडीआर२-५३३ इतकी मंद होईल, परंतु ३३३ वर ती ६६७ आणि ४०० वर बरोबर ८०० होईल. इंटेलच्या या चिपसेटांवर मेमरी बसपेक्षा मंद चालवता येत नाही, त्यामुळे डीडीआर२-८०० असलेल्या यंत्राची सहज मर्यादा ४०० ची बस ही आहे. मेमरीचे टायमिंग (तिच्या प्रतिसादाला लागणाऱ्या विलंबाचे आकडे) तिच्या स्टिकरवर छापलेले, उदाहरणार्थ ५-५-५-१८, हाताने लिहावे आणि व्होल्टेजही त्याच स्टिकरप्रमाणे द्यावे. डीडीआर२ चे प्रमाणित व्होल्टेज १.८ आहे, पण कित्येक जलद मेमरी २.० किंवा २.१ मागतात.

प्रोसेसरचे व्होल्टेजही ‘ऑटो’ वर सोडू नये. बस वाढली की अनेक मदरबोर्ड आपल्या मर्जीने गरजेपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देतात. प्रत्येक प्रोसेसरात कारखान्यात नोंदवलेले स्वतःचे व्होल्टेज असते, त्याला व्हीआयडी म्हणतात. कोअर टेम्प ते दाखवतो. तोच आकडा बायोसमध्ये लिहून सुरुवात करावी.

बसची हद्द शोधणे

लॉक असलेला मल्टिप्लायर वर जात नाही, परंतु क्यू६६०० मध्ये तो खाली ६ पर्यंत आणता येतो. ही सोय फार मोलाची आहे आणि घाईत असलेले लोक तिचा उपयोग करत नाहीत. मल्टिप्लायर ६ केला आणि बस ४०० केली, तर प्रोसेसरचा वेग पुन्हा २.४ गिगाहर्ट्झच येतो. म्हणजे प्रोसेसरच्या गाभ्यांवर काहीही ताण न आणता मदरबोर्ड, चिपसेट आणि मेमरी ४०० ची बस पेलतात का, एवढेच वेगळे काढून तपासता येते.

मल्टिप्लायर ६ ठेवून बस २६६ वरून ३००, मग ३३३, मग ३६०, ३८० आणि ४०० अशी न्यावी. प्रत्येक टप्प्यावर मेमटेस्टची एक फेरी आणि प्राइम९५ ची ‘ब्लेंड’ ही मेमरीवरही ताण देणारी चाचणी अर्धा तास चालवावी. कोठे अडखळले तर चिपसेटचे व्होल्टेज थोडे वाढवावे. पी३५ चे मूळ व्होल्टेज १.२५ आहे, ते १.३५ पर्यंत नेण्यास हरकत नाही, मात्र चिपसेटच्या हीटसिंकवर हवा जाते आहे हे पाहावे. काही मदरबोर्डांवर मधलाच एखादा पट्टा चालत नाही आणि त्याच्या वरचा आकडा चालतो, तेव्हा एका ठिकाणी अडले म्हणून लगेच थांबू नये. जो सर्वांत वरचा आकडा निर्दोष निघेल तो लिहून ठेवावा.

संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नये. बरेच मदरबोर्ड दोन-तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ आकड्यांवर येतात. तसे न झाल्यास विजेची वायर काढून बायोसचे आकडे पुसणारा क्लिअर सीमॉसचा जंपर वापरावा, किंवा सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी.

प्रोसेसर वर नेणे

आता मल्टिप्लायर पुन्हा ९ करावा आणि बस २६६ वर आणावी. येथून दहा-दहा मेगाहर्ट्झने वर जावे. बसच्या प्रत्येक दहा मेगाहर्ट्झमागे प्रोसेसर ९० मेगाहर्ट्झने वाढतो : ३०० वर २.७ गिगाहर्ट्झ, ३३३ वर ३.० गिगाहर्ट्झ. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा. दोन आकडे एकदम बदलले की यशाचे श्रेय आणि अपयशाचा दोष कोणाला द्यायचा ते कळत नाही.

प्रत्येक टप्प्यावर स्मॉल एफएफटी चालवावी. येथे चुकांची भाषा समजून घ्यावी लागते. चारपैकी एका गाभ्यावरची चाचणी ‘राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबली आणि संगणक चालूच राहिला, तर प्रोसेसरला किंचित जास्त व्होल्टेज हवे आहे. सुरू होतानाच संगणक बंद पडून पुन्हा सुरू होत राहिला तर बहुधा मेमरी किंवा चिपसेट दोषी असतो. स्मॉल एफएफटी तासभर नीट चालते आणि ब्लेंड मात्र पडते, तर प्रोसेसर सोडून मेमरीकडे पाहावे. चाचणी पास होत असताना फाइल उघडताना चुका येत असतील तर पीसीआय एक्सप्रेसचा आकडा पुन्हा तपासावा.

व्होल्टेज वाढवायचे ते मदरबोर्ड देईल त्या सर्वांत लहान पायरीने. बायोसमध्ये १.३५ लिहिले तरी पूर्ण भाराखाली सीपीयू-झेडमध्ये १.२८ दिसू शकते. ही घट रचनेतच आहे, दोष नव्हे. म्हणून खरा आकडा नेहमी भाराखालचा धरावा. इंटेलने या ६५ नॅनोमीटर प्रोसेसरसाठी व्हीआयडीची कमाल मर्यादा १.५ व्होल्ट ठेवली आहे, परंतु ती गाठायला जाऊ नये. हवेने थंड होणाऱ्या यंत्रात १.४ च्या आत थांबणे इष्ट. पुढच्या ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ प्रोसेसरांसाठी हीच मर्यादा १.३६२५ आहे, तेव्हा क्यू६६०० चे आकडे ई८४०० सारख्या ४५ नॅनोमीटर प्रोसेसरवर उतरवू नयेत.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २.४ वरून ३.० गिगाहर्ट्झ म्हणजे वेग सव्वापट. त्याच वेळी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केले तर विजेचा खप सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. व्होल्टेज न वाढवता मिळालेला वेग स्वस्त आणि व्होल्टेज चढवून मिळवलेला वेग महाग, हे या गणितातूनच दिसते. जी० स्टेपिंगच्या बहुतेक क्यू६६०० ला ३.० गिगाहर्ट्झसाठी व्हीआयडीइतके किंवा त्याहून किंचित जास्त व्होल्टेज पुरते. माझ्या मते पहिल्यांदा हात घालणाऱ्याने तेथेच मुक्काम करावा. बस ४०० पर्यंत निर्दोष चालली असेल तर ८ चा मल्टिप्लायर घेऊन ३.२ गिगाहर्ट्झचा पर्यायही आहे, आणि त्यात मेमरीही १:१ वर पूर्ण ८०० ने चालते. पण त्यासाठी चिपसेट, मेमरी आणि प्रोसेसर तिघेही सशक्त लागतात.

आकडा पक्का झाल्यावर ब्लेंड चाचणी रात्रभर चालवावी. ती निर्दोष गेली की ईआयएसटी आणि सी१ई पुन्हा सुरू करावेत, म्हणजे रिकाम्या वेळी मल्टिप्लायर ६ वर उतरेल आणि वीज वाचेल. सगळे आकडे बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवावेत. डिसेंबरात केलेली चाचणी मे महिन्यात पुन्हा करावी. खोलीचे तापमान जितके अंश वाढते, तितकेच जवळपास गाभ्यांचेही वाढते. नागपूर किंवा अकोल्याच्या उन्हाळ्यात हिवाळ्यातले ६५ अंश सहज ८० होतात.

पर्याय नसलेले मदरबोर्ड आणि नंतरचे प्रोसेसर

तयार ब्रँडेड संगणकांच्या बायोसमध्ये बसचा आकडा बहुधा दिलेलाच नसतो. तेथे सेटएफएसबीसारखा प्रोग्राम विंडोजमधून क्लॉक जनरेटरला थेट आज्ञा देतो, पण त्यासाठी मदरबोर्डवरील त्या चिपचा नेमका क्रमांक वाचून यादीत शोधावा लागतो. प्रोसेसरच्या तळाच्या ठरावीक संपर्कबिंदूवर चिकटपट्टी लावून मदरबोर्डला २६६ ऐवजी ३३३ ची बस भासवण्याची युक्तीही आहे. चिपसेट ती बस मुळातच पेलत असेल तरच ती चालते, आणि बिंदू चुकला तर काय होईल सांगता येत नाही. नवशिक्याने ती करू नये.

जानेवारी २०११ मध्ये आलेल्या सँडी ब्रिज या इंटेलच्या पिढीपासून चित्र बदलले. क्लॉक जनरेटर चिपसेटच्या आत गेला आणि १०० मेगाहर्ट्झच्या एकाच मूळ वारंवारतेवर प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस आणि साटा (हार्डडिस्कची जोडणी) सगळे बांधले गेले. ती १०३ ते १०५ च्या पुढे गेली की हार्डडिस्क दिसेनाशी होते, म्हणून तेथे या मार्गाने काही टक्क्यांपलीकडे मिळत नाही. मात्र आय५-२४०० किंवा आय५-३४७० सारख्या प्रोसेसरांत, पी६७ किंवा झेड७७ सारख्या मदरबोर्डवर, टर्बोच्या (प्रोसेसर भाराखाली स्वतःहून गाठतो त्या वाढीव वेगाच्या) वर चार पायऱ्या मल्टिप्लायर वाढवण्याची मुभा इंटेलने ठेवली होती. नंतरच्या हॅसवेल पिढीत तीही गेली. २०१५ च्या स्कायलेक पिढीने पीसीआय एक्सप्रेस पुन्हा वेगळे केले आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून काही कंपन्यांनी झेड१७० मदरबोर्डांसाठी असे बायोस दिले, ज्यांवर लॉक असलेला आय३-६१०० सुद्धा वर जात असे. त्याची किंमत होती : टर्बो बंद, अंगचे ग्राफिक्स बंद, तापमानाचा आकडा चुकीचा, आणि एव्हीएक्स या जड गणिताच्या सूचनांचा वेग बराच कमी. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या नव्या मायक्रोकोडने (बायोससोबत येणाऱ्या प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांनी) ही वाट बंद केली, म्हणून अशा मदरबोर्डवर बायोस अद्ययावत करण्याआधी विचार करावा. २०२२ मध्ये बाराव्या पिढीच्या आय५-१२४०० बाबत पुन्हा तेच घडले. बाहेरचा क्लॉक जनरेटर असलेल्या मोजक्या मदरबोर्डांवर तो १३० मेगाहर्ट्झच्या आसपास नेऊन ४० च्या मल्टिप्लायरने पाच गिगाहर्ट्झपलीकडे पोहोचला. सिस्टिम एजंटचे (प्रोसेसरमधील मेमरी सांभाळणाऱ्या भागाचे) व्होल्टेज लॉक असल्याने तेथे मेमरीचा वेग पुन्हा अडथळा ठरतो.

ज्यांच्याकडे असा खास मदरबोर्ड नाही, त्यांनी आजच्या लॉक प्रोसेसरवर मूळ वारंवारतेच्या मागे लागू नये. तेथे हाताशी येणारा खरा लाभ वीजमर्यादेत आहे. आय७-१२७०० ला अल्पकाळ १८० वॅट घेण्याची आणि नंतर ६५ वॅटवर उतरण्याची मर्यादा इंटेलने आखली आहे. बायोसमध्ये पीएल१ हा दीर्घकाळच्या वीजमर्यादेचा आकडा कूलर आणि मदरबोर्डचा रेग्युलेटर पेलेल इतका वाढवला, तर व्हिडिओ रेंडरसारख्या लांब कामात प्रोसेसर आपल्या टर्बोच्या वेगावर टिकून राहतो, आणि मल्टिप्लायर किंवा मूळ वारंवारता यांपैकी कशालाही हात लावावा लागत नाही.